लॉजचे बंधुत्व आणि दारावरचा पहारा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



आजच्या विषयाचे नाव फळ्यावर पाहून काही जणांना नवल वाटले असेल. समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात फ्रीमेसनांचे काय काम? आपल्याकडे 'लॉज' म्हटले की एस. टी. स्थानकासमोरची पाटी डोळ्यांपुढे येते. फ्रीमेसनांच्या लॉजविषयी जे थोडेफार ऐकलेले असते त्यात गुप्त खुणा, विचित्र पोशाख आणि बंद दाराआडचे विधी यांचाच भरणा अधिक. उत्तर हिंदुस्थानात लोक त्यांच्या सभागृहाला 'जादूघर' म्हणत आणि संध्याकाळनंतर त्या बाजूने जाणे टाळीत. साहेबलोक आत काय करतात याची कोणालाच कल्पना नसल्यामुळे कल्पनेला मुभा भरपूर होती.

ही जादू बाजूला ठेवली तर उरते ती एक अभ्यासनीय संस्था. आपल्या नियमपुस्तकाच्या पहिल्याच कलमात धार्मिक सहिष्णुता लिहून ठेवणाऱ्या जुन्या संघटनांपैकी ती एक आहे. कलम लिहिणे सोपे होते. त्याचा अर्थ काय, हे मात्र तिला पुढील तीनशे वर्षे एकेका उमेदवारामुळे, एकेका जेवणामुळे, एकेका शपथेमुळे शिकावे लागले. आपल्याही घटनेच्या प्रारंभी सर्वधर्मसमभावाचे, जातिनिर्मूलनाचे शब्द असतात. म्हणून या संस्थेच्या इतिहासाकडे पाहायचे.

मध्ययुगीन युरोपात चर्च बांधणाऱ्या पाथरवटांच्या व गवंड्यांच्या संघटना होत्या. पुढे त्यांत व्यवसायाशी संबंध नसलेले सरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी शिरले; ओळंबा, गुण्या, कंपास ही हत्यारे केवळ प्रतीके म्हणून राहिली. १७१७ साली लंडनमधील चार लॉजनी एकत्र येऊन ग्रँड लॉज स्थापन केली, असे परंपरा सांगते. अलीकडे काही संशोधक हे साल चार वर्षे पुढे ढकलतात. १७२३ साली जेम्स अँडरसन या प्रेस्बिटेरियन पाद्र्याने संकलित केलेली नियमावली छापून निघाली, ती मात्र निर्विवाद आपल्यापुढे आहे. तिचा धर्मविषयक आशय असा की, ज्या धर्माबद्दल सर्व माणसांचे एकमत होते तेवढाच सभासदाला बंधनकारक. बाकीची मते ज्याची त्याच्यापाशी. लॉजमध्ये धर्मावर आणि राजकारणावर वाद घालायचा नाही. इंग्लंडने त्या आधीच्या शतकात धर्माच्या नावावर राजाचे डोके उडवलेले होते, यादवी युद्ध भोगलेले होते. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, राजनिष्ठ आणि पार्लमेंटवादी यांना एका टेबलाशी बसून मद्याचा पेला उचलता यावा, एवढी साधी गरज त्या कलमामागे होती.

याच नियमावलीने नास्तिकाला बाहेर ठेवले. स्त्रीला बाहेर ठेवले. गुलामाला बाहेर ठेवले. प्रवेशशुल्क, वर्गणी, मेजवानीचा खर्च यांमुळे मजूर आपोआपच बाहेर राहिला. त्यासाठी वेगळे कलम लिहिण्याची गरज पडली नाही. दाराबाहेर 'टायलर' नावाचा पहारेकरी नागवी तलवार घेऊन उभा असे. आत बंधुत्व आणि दारात तलवार, अशी ही रचना होती. तरीही पोप बाराव्या क्लेमेंटने १७३८ साली या संघटनेवर बहिष्कार पुकारला. त्याच्या आक्षेपांत एक आक्षेप हा होता की तेथे कोणत्याही धर्मपंथाची माणसे एकत्र बसतात. व्हॅटिकनने ही मनाई नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा एकदा उच्चारली.

आता या कलमाची परीक्षा कशी झाली ते पाहू. पहिली परीक्षा ज्यूंची. लंडनमध्ये ज्यू सभासद अठराव्या शतकातच घेतले जाऊ लागले होते, पण विधींमधल्या प्रार्थना, सणाचे दिवस, संतांची नावे सारी ख्रिस्ती. माणूस आत आला, परंतु घर त्याचे नव्हते. १८१३ साली इंग्लंडमधील दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज एक झाल्या आणि ड्यूक ऑफ ससेक्स हा ग्रँड मास्टर झाला. हा राजपुत्र हिब्रूचा व्यासंगी होता. त्याच्या कारकिर्दीत विधींची नव्याने जुळणी झाली आणि ख्रिस्ती उल्लेख बव्हंशी काढून टाकण्यात आले. जर्मनीत मात्र प्रशियाच्या जुन्या ग्रँड लॉजनी ज्यूंना दार बंदच ठेवले. फ्रँकफुर्टच्या ज्यूंना नेपोलियनच्या काळात फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटकडून सनद आणून आपली लॉज काढावी लागली.

दुसरी परीक्षा अमेरिकेतली. बोस्टनमधील प्रिन्स हॉल हा काळा गृहस्थ आणि त्याचे सहकारी यांना तेथील गोऱ्या वसाहतवाल्यांच्या लॉजमध्ये जागा नव्हती. ज्यांच्याविरुद्ध त्या वसाहती बंड करीत होत्या त्या ब्रिटिश सैन्यातील एका आयरिश लॉजने १७७५ च्या सुमारास त्यांना दीक्षा दिली, आणि १७८४ ची त्यांची सनद लंडनहून आली. सर्व माणसे समान आहेत असा जाहीरनामा १७७६ साली काढणाऱ्या देशात प्रिन्स हॉल १७७७ साली गुलामांच्या मुक्तीसाठी मॅसेच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज करीत होता, हेही ध्यानात ठेवावे. त्याच्या परंपरेतील काळ्यांच्या लॉजना अमेरिकेतील गोऱ्या ग्रँड लॉजनी मान्यता देण्याची प्रक्रिया कनेक्टिकटपासून सुरू झाली ती १९८९ साली. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९९४ साली ती दिली. म्हणजे दोनशे वर्षे बंधुत्वाच्या दोन संघटना एकाच गावात, एकच विधी करीत, एकमेकींना न ओळखता नांदल्या.

तिसरी परीक्षा आपल्या मुंबईची, आणि तिच्याकडे थोडे सावकाश पाहण्यासारखे आहे.

भायखळ्याचा 'खडा पारशी' सर्वांना ठाऊक आहे. तो पुतळा शेट कर्सेटजी माणकजी यांचा. तो उभारणारे त्यांचे पुत्र माणकजी कर्सेटजी (१८०८–१८८७) हे मुंबईतील सुधारकांच्या पहिल्या पिढीतले. इंग्रजी शिकलेले, पुढे न्यायासनावर बसलेले. या गृहस्थांना फ्रीमेसन व्हायचे होते. इंग्रज सभासदांनी त्यांना दाद दिली नाही. १८४० नंतर ते युरोपच्या प्रवासाला गेले. इंग्लंडमध्येही काम झाले नाही; अखेर दीक्षा मिळाली ती पॅरिसमध्ये. रीतसर फ्रीमेसन होऊन ते मुंबईला परतले, तरी येथील इंग्रजांच्या लॉजने दार उघडले नाही. ज्या संघटनेच्या नियमाप्रमाणे जगातला प्रत्येक मेसन हा प्रत्येक मेसनचा बंधू, तिच्या मुंबई शाखेने बंधूला ओळख दिली नाही.

तोड काढली ती डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश वैद्याने. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजचा तो पश्चिम हिंदुस्थानातील प्रमुख होता. १५ डिसेंबर १८४३ रोजी त्याच्या पुढाकाराने 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज स्थापन झाली. हेतू हा की एतद्देशीयांना प्रवेश मिळावा. पारशी आणि मुसलमान गृहस्थ तिचे आरंभीचे हिंदी सभासद. या बर्न्सचे दोन भाऊ, अलेक्झांडर आणि चार्ल्स, १८४१ च्या नोव्हेंबरात काबूलमध्ये जमावाकडून मारले गेले होते. त्या घटनेनंतर अँग्लो-इंडियन वर्तुळात मुसलमानांविषयी काय बोलले जात असेल याची कल्पना करता येते. दोन वर्षांनंतर हाच मनुष्य मुंबईत मुसलमानांना 'बंधू' म्हणून शेजारी बसवतो. साम्राज्याचा तो नोकर होता यात शंका नाही. पण माणसाच्या बाबतीत एवढ्यावर हिशेब मिटवता येत नाही.

या तिन्ही परीक्षांत एक समान धागा आहे आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या तो चटकन नजरेत भरतो. ज्यूंना सनद पॅरिसने दिली, काळ्यांना आयरिश लॉजने आणि लंडनने, माणकजींना पॅरिसने आणि मग स्कॉटलंडने. जेथे दार बंद होते तेथल्या लोकांचे हृदयपरिवर्तन होऊन ते उघडले असे एकदाही घडले नाही. सनद देणारी दुसरी गादी अस्तित्वात होती म्हणून वाट निघाली. मान्यता देण्याचा अधिकार एकाच हाती असता तर सहिष्णुतेचे ते सुंदर कलम कागदावरच राहिले असते. मक्तेदारीविरुद्धचा हा युक्तिवाद समाजवाद्यांच्या व्यासपीठावर जरा अवघडल्यासारखा वाटेल. वाटू द्यावा. पक्षाच्या, युनियनच्या, संस्थेच्या सभासदत्वाचा दाखला एकाच टेबलावरून मिळत असेल तर त्या टेबलावर कोण बसले आहे यावर सारे अवलंबून राहते, हा अनुभव आपल्या चळवळीलाही अपरिचित नाही.

पारशी आणि मुसलमान आले, हिंदूंचे काय? कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ साली प्रवेशासाठी अर्ज केला. बंगालच्या प्रांतिक लॉजच्या उपविधींत एक कलम होते: प्रांतिक ग्रँड मास्टरच्या पूर्वपरवानगीवाचून कोणाही आशियाई माणसाचे नाव सुचवता येणार नाही. मूळ नियमावलीत असे काही नव्हते. तेथे सारी मानवजात एक होती. हा उपविधी मधेच कोठून तरी उगवला होता. आक्षेप दोन. हिंदू अनेक देव मानतो, तेव्हा एका परमेश्वराला स्मरून घेतलेली शपथ त्याला बांधील काय? आणि जात मानणारा, दुसऱ्याच्या पंक्तीस न बसणारा माणूस बंधू होऊ शकतो काय? पहिला आक्षेप अज्ञानाचा होता. दत्त आणि त्यांचे समर्थक यांना त्याचे उत्तर देणे कठीण नव्हते. ब्राह्मसमाजाच्या बंगालमध्ये एकेश्वराची भाषा घराघरांत पोचलेली होती. प्रकरण लंडनपर्यंत गेले, कागद हिंडले, आणि नऊ वर्षांनी, १८७२ साली, 'अँकर अँड होप' लॉजमध्ये दत्त यांना दीक्षा मिळाली. बारा वर्षांनी, १८८४ च्या फेब्रुवारीत, याच लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण दाखल झाला. जग त्याला पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले.

दुसरा आक्षेप मात्र इतक्या सहजासहजी झटकता येत नाही. तो करणाऱ्या इंग्रजाच्या मनात वर्णाहंकार होता हे खरे, आणि तरीही आक्षेपात तथ्य होते. रुडयार्ड किपलिंगला लाहोरच्या 'होप अँड पर्सिव्हिअरन्स' लॉजमध्ये १८८६ साली दीक्षा मिळाली. आपल्या मातृलॉजवर त्याने पुढे एक कविता लिहिली. तीत निरनिराळ्या धर्मांचे बंधू बंद दाराआड बरोबरीने बसतात, पण कोणाची जात बाटू नये म्हणून मेजवानी मात्र टाळतात. कवितेत ते सौम्य कौतुकाने आले आहे. हिंदी वाचकाने तेथे थबकले पाहिजे. लॉजने परमेश्वराचा प्रश्न सोडवला आणि पंक्तीचा प्रश्न तसाच ठेवला. धर्माधर्मांतला भेद तिने पचवला. जातीपुढे तिने जेवणच रद्द केले.

आणि याच मुंबईत, रायझिंग स्टार निघाल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, दुसरी एक गुप्त मंडळी निघाली होती. दादोबा पांडुरंग आणि त्यांचे मित्र यांची १८४९ ची परमहंस मंडळी. तिच्या बैठकाही बंद दाराआड भरत, तिच्याही सभासदांची नावे गुप्त असत. फरक असा की तिचा विधीच मुळी पंक्तीचा होता. ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेला पाव आणि मुसलमानाने आणलेले पाणी घेणे ही तेथली दीक्षा. साहेबाच्या लॉजमध्ये जे टाळले जात होते नेमके तेच हे मराठी तरुण जीव मुठीत धरून करीत होते. १८६० च्या सुमारास त्यांची यादी चोरीस गेली, नावे फुटणार अशी हूल उठली आणि मंडळी विस्कटली. तिची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे: सुधारणा म्हणे, आणि तीही चोरून! पण त्या वेळी जातीबाहेर टाकले जाणे याचा अर्थ घरची चूल, लग्नसंबंध, मयताला खांदा देणारी माणसे असे सगळेच गमावणे होता. लॉजमधल्या बॅरिस्टराला आपल्या बंधुत्वासाठी यातले काही गमवावे लागत नव्हते. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज काढला तेव्हा दारही उरले नाही आणि पहारेकरीही; जे करायचे ते चव्हाट्यावर. लॉज, परमहंस मंडळी आणि सत्यशोधक समाज या तीन संस्था तीस वर्षांच्या अवधीत एकाच इलाख्यात उभ्या राहिल्या. आपल्या प्रबोधनाच्या इतिहासात त्या शेजारी शेजारी ठेवून फारसे कोणी पाहत नाही.

लॉजला न्याय द्यायचा तर तिच्या वेदीकडे पाहिले पाहिजे. शपथ कोणत्या ग्रंथावर घ्यायची? जुन्या विधीत तेथे फक्त बायबल. हिंदी सभासद आल्यावर तेथे पारशाचा अवेस्ता आला, कुराण आले, गीता आली, गुरू ग्रंथसाहेब आला. इंग्रजी विधीतली 'पवित्र नियमग्रंथ' ही संज्ञा मोघम होती आणि तो मोघमपणा उपयोगी पडला. दिल्लीत २४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली. रामपूरचे नवाब तिचे पहिले ग्रँड मास्टर. तिच्या वेदीवर अनेक धर्मग्रंथ शेजारी शेजारी उघडे ठेवण्याची प्रथा आहे. कोणताही ग्रंथ दुसऱ्याच्या वर नाही, आणि प्रत्येकाने शपथ घ्यायची ती आपल्या ग्रंथावर. देशाची फाळणी होऊन चौदा वर्षे लोटली होती तेव्हा असे टेबल मांडणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती.

एक बारकावा मात्र सुटू नये. हिंदूंना एकच एक ग्रंथ असा नव्हताच. लॉजच्या टेबलाला एक ग्रंथ हवा होता, कोर्टाच्या पिंजऱ्यालाही हवा होता, म्हणून गीता पुढे झाली. तुकोबांची गाथा हाच ज्याचा वेद त्या वारकऱ्याचे काय, आणि ज्याला कोणताच ग्रंथ पवित्र वाटत नाही त्याचे काय, हे प्रश्न तेथे कोणी विचारले नाहीत. भारतीय कायदा या बाबतीत लॉजच्या पुढे गेला. १९६९ च्या शपथविषयक कायद्याप्रमाणे देवाचे नाव न घेता प्रतिज्ञेवर साक्ष देता येते. लॉजमध्ये देव न मानणाऱ्याला आजही जागा नाही.

फ्रान्समध्ये ती झाली. २९ एप्रिल १८७१ रोजी पॅरिसचे फ्रीमेसन आपले ध्वज घेऊन कम्यूनच्या बाजूने तटबंदीवर चालून गेले, ते ध्वज त्यांनी गोळीबाराच्या तोंडी रोवले. सगळे गेले नव्हते. लॉजच्या वरिष्ठांना ते मुळीच रुचले नव्हते. पण कामगारांच्या पहिल्या राज्याच्या बाजूला गवंड्यांचे ते ध्वज दिसले ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली. सहा वर्षांनी, १८७७ साली, ग्रँड ओरिएंटने परमेश्वरावरील श्रद्धेची अट काढून टाकली. ठराव मांडणारा फ्रेदरिक देमाँ हा स्वतः प्रॉटेस्टंट पाद्री होता, हे मुद्दाम सांगायचे. श्रद्धा ही ज्याच्या जीवनाचा आधार होती त्यानेच ती दुसऱ्यावर अट म्हणून लादायला नकार दिला. इंग्लंडने संबंध तोडले. हा दुरावा आजतागायत आहे.

पुढचा प्रकार समाजवाद्यांना अधिक जवळचा. १९२२ साली तिसऱ्या इंटरनॅशनलच्या चौथ्या काँग्रेसने फ्रेंच कम्युनिस्टांना बजावले की फ्रीमेसन सभासदांनी १ जानेवारी १९२३ पूर्वी लॉज सोडावी. कारण असे की लॉज वर्गभेदावर पांघरूण घालते. मालक आणि मजूर यांना बंधू म्हणवून मजुराची धार बोथट करते. कारणमीमांसा चुकीची नव्हती. पण एका बंद संघटनेवर दुसऱ्या बंद संघटनेने काढलेला तो हुकूम होता, आणि त्या दुसऱ्या संघटनेच्या दारावरचा पहारा पुढल्या पंधरा वर्षांत किती कडक झाला हे सांगायला नको.

स्त्रियांचा प्रश्न थोडक्यात. पॅरिसजवळच्या एका लॉजने १८८२ साली मारिया देरेम या स्त्रीवादी लेखिकेला दीक्षा दिली आणि त्यापायी अडचण ओढवून घेतली. देरेम यांनी १८९३ साली स्त्री-पुरुषांची एकत्र संघटना काढली. ॲनी बेझंट १९०२ साली तिच्यात दाखल झाल्या आणि त्यांनी ती हिंदुस्थानात आणली. मूळ घरात मात्र बाईला प्रवेश नाही तो नाहीच. नवाब, पारशी, शीख, ज्यू यांच्यासाठी टेबल वाढवता आले. सभासदांच्या स्वतःच्या घरातल्या माणसासाठी वाढवता आले नाही.

परंपरा अद्ययावत कशी करावी याचेही एक उदाहरण येथे आहे. लॉजच्या शपथेत गुपित फोडणाऱ्याच्या देहाचे काय हाल व्हावेत याची जुनी भयंकर वर्णने होती. कोणी ती खरी मानीत नसे. चर्चच्या लोकांनी टीका केली, सभासदांनाही देवाचे नाव घेऊन असे काही उच्चारणे अनुचित वाटू लागले. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ साली ही वर्णने शपथेतून काढून टाकली. विधी मोडला नाही, कोणी रडलेही नाही. शेकडो वर्षांचे म्हणून जे पवित्र मानले जाते त्यातले कितीतरी असे एका ठरावाने गळून पडण्याजोगे असते. ठराव मांडायला कोणी उभा राहत नाही एवढेच.

गुप्ततेच्या बाबतीत हेच म्हणता येत नाही. मार्च १९८१ मध्ये इटलीत पोलिसांच्या हाती 'पी दोन' या लॉजची यादी लागली. ९६२ नावे, त्यांत मंत्री, सेनाधिकारी, बँकवाले, वृत्तपत्रांचे मालक. त्या लॉजची मान्यता इटलीच्या ग्रँड ओरिएंटने १९७६ सालीच काढून घेतली होती, तरी ती चालूच राहिली. यादी फुटल्यावर इटलीचे मंत्रिमंडळ पडले. धर्माच्या छळापासून आडोसा म्हणून जे दार लावले होते, त्याच दारामागे सत्ताधारी वर्गाला आपले हिशेब मिटवता आले. परमहंस मंडळींची यादी आणि पी दोनची यादी या दोन्ही याद्याच. पण एकीत दुबळे लपले होते, दुसरीत बलवान.

आता परत मुंबईला यायचे. लॉजमध्ये नवा सभासद घेताना गुप्त मतदान होते. पेटीत पांढऱ्या आणि काळ्या गोट्या टाकतात. एक, फार तर तीन काळ्या गोट्या निघाल्या की उमेदवार बाद. कोणी टाकली ते कळत नाही. का टाकली तेही सांगावे लागत नाही. माणकजींच्या वाटेतला खरा अडसर ही पेटी होती. नियमपुस्तकाने तर त्यांना कधीच नाकारले नव्हते.

ही पेटी आज आपल्या शहरांत घरोघर आहे. अहमदाबादेतील एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधीप्रमाणे सभासदत्व फक्त पारशांना होते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २००५ मध्ये न्यायालयाने तो उपविधी वैध ठरवला. संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात आपले सभासद निवडण्याचे स्वातंत्र्य येते, असा त्या निर्णयाचा रोख. ज्या समाजातील माणसाला १८४० च्या दशकात दार ठोठावीत पॅरिस गाठावे लागले, त्याच समाजाची संस्था दीडशे वर्षांनी दाराच्या आतल्या बाजूला उभी. यात पारशी समाजाचे काही विशेष नाही. अल्पसंख्य समाजाला आपली वस्ती राखावीशी वाटणे समजण्यासारखे आहे, आणि त्याच न्यायाने बहुसंख्य समाजही आपल्या वस्त्या राखू लागला म्हणजे दलिताने आणि मुसलमानाने जायचे कोठे, हा प्रश्न त्या निर्णयाने शिल्लक ठेवला.

बाकीच्या संस्थांना तर उपविधीचीही गरज लागत नाही. मुंबई-पुण्यात मुसलमान जोडपे भाड्याने जागा पाहायला गेले की दलाल आधी नाव विचारतो. मग 'सोसायटीला चालत नाही', 'मालक शाकाहारी आहेत', 'कालच गेली हो जागा'. काळी गोटी पडलेली असते. टाकली कोणी ते कळत नाही. त्या सोसायटीच्या गच्चीवर पंधरा ऑगस्टला झेंडा लागतो आणि त्या समितीवर आपल्या पक्षाचे सहानुभूतीदारही असतात, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. पतपेढ्या, वसतिगृहे, वाचनालये, युनियनची कार्यालये यांचेही उपविधी एकदा काढून वाचावेत. सत्यनारायण कोणाच्या खर्चाने होतो, बैठकीचा नारळ कोण फोडतो, सहभोजनात काय शिजते आणि कोण 'उपास आहे' म्हणून उठतो, हे उपविधीत नसते, तेही पाहावे.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात या काळ्या गोटीवर एक उतारा आहे. २२ व्या कलमाप्रमाणे सभासदत्व नाकारणाऱ्या संस्थेला कारणे लेखी कळवावी लागतात. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. २३ व्या कलमाप्रमाणे पुरेशा कारणावाचून पात्र माणसाला नाकारता येत नाही आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. कार्यकर्त्यांपैकी किती जणांनी असा एखादा अर्ज कोणाला लिहून दिला आहे, त्याची पोच घेतली आहे, तीन महिने मोजले आहेत? प्रसन्नकुमार दत्तांनी नऊ वर्षे मोजली होती. भाडेकरू मात्र या कलमांत बसत नाही. त्याला सभासदत्व नको असते, राहायला दोन खोल्या हव्या असतात, आणि त्याच्यासाठी अद्याप कायद्याच्या पुस्तकात असे कलम कोणी लिहिलेले नाही.